दुःख व मृत्यू : ख्रिस्ती विचार

ईश्वर सर्वशक्तिमान आहे, तो पूर्णतः चांगला आहे आणि सर्व सृष्टी त्यानेच निर्माण केली, ही तिन्ही विधाने ख्रिस्ती धर्म एकाच वेळी खरी मानतो. त्यामुळे जगात दुःख आणि मृत्यू का आहेत, हा प्रश्न त्याला टाळता येत नाही. दुःखाला केवळ भास म्हणणे किंवा वाईटाचा कर्ता म्हणून तितकाच बलवान दुसरा देव कल्पिणे, या दोन्ही वाटा चर्चने आरंभीच्या शतकांतच नाकारल्या. तरीही सर्व पंथांना मान्य होईल असे एकच उत्तर कधी ठरले नाही, आणि याचे मूळ बायबलमध्येच आहे.

सर्वांत परिचित उत्तर बायबलच्या आरंभीच्या उत्पत्तीच्या पुस्तकातील पतनकथेवर उभे आहे. आदाम व हव्वा यांनी आज्ञा मोडली आणि त्यानंतर प्रसववेदना, घाम गाळून मिळवायची भाकर आणि ‘तू माती आहेस’ हा निकाल त्यांच्या वाट्याला आला. आरंभीच्या चर्चचा प्रेषित पौल याने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात हाच धागा पुढे नेला : एका माणसाच्या द्वारे पाप जगात शिरले आणि पापाच्या द्वारे मरण. हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (354–430) याने यातून मूळ पापाचा सिद्धान्त बांधला. वाईट ही स्वतंत्र वस्तू नसून, अंधार म्हणजे प्रकाशाचा अभाव, तसे ते चांगल्याचा अभाव आहे. म्हणून ईश्वराने ते निर्माण केले असे म्हणता येत नाही, असेही त्याचे प्रतिपादन होते. आदाम निष्पाप राहिला असता तरी मेलाच असता, हे मत 418 मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने धिक्कारले.

पौलाच्या त्या वाक्यातील एका लहानशा ग्रीक शब्दप्रयोगाने मोठा फरक घडवला. ‘कारण सर्वांनी पाप केले’ असा अर्थ होऊ शकणाऱ्या ठिकाणी ऑगस्टीनसमोरच्या लॅटिन भाषांतरात ‘ज्याच्यामध्ये सर्वांनी पाप केले’ असे होते, आणि त्यावरून प्रत्येक मूल आदामाच्या अपराधात सहभागी म्हणूनच जन्मते, हे मत बळावले. ग्रीक वाचणाऱ्या पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेत वारसा मुख्यतः अपराधाचा नव्हे, तर मर्त्यतेचा मानला जातो. तेथे मृत्यूला काही वेळा दयेचेही रूप दिले जाते. दुसऱ्या शतकातील लियाँचा बिशप आयरेनियस लिहितो की, पापी माणूस कायमचा पापीच राहू नये म्हणून ईश्वराने त्याला अमरत्व देणाऱ्या जीवनवृक्षापासून दूर केले. माणूस पूर्ण नव्हे, तर वाढायचा असलेल्या बालकासारखा निर्माण झाला, या त्याच्याच कल्पनेवर तत्त्वज्ञ जॉन हिक याने 1966 मध्ये आधुनिक मांडणी केली : संकटांशिवाय धैर्य, करुणा, क्षमा हे गुण घडणारच नाहीत. एखादे दुखणे लहान मुलाला घडवण्याऐवजी चिरडूनच टाकते, तेव्हा मात्र ही मांडणी लंगडी पडते.

दुःख म्हणजे पापाचे फळ, या हिशेबाला बायबलच मोठा छेद देते. ईयोबाच्या पुस्तकातला नायक निर्दोष आहे, हे वाचकाला पहिल्याच ओळीत सांगितले जाते. संपत्ती व मुले गमावून तो राखेत बसतो आणि खापरीने अंगावरची गळवे खाजवतो. त्याचे तीन मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसतात. त्यांचे बिघडते ते बोलायला लागल्यावर. पेरावे तसे उगवते, तेव्हा तू काहीतरी केलेच असशील, हा त्यांचा एकूण युक्तिवाद. अखेरीस वावटळीतून बोलणारा ईश्वर कारण सांगत नाहीच, उलट पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कोठे होतास, असे विचारतो. हे उत्तर अनेकांना असमाधानकारक वाटते आणि ते वाटणे रास्तही आहे; पण त्याच ईश्वराने मित्रांना फटकारले आणि तक्रार करणाऱ्या ईयोबाचे बोलणे योग्य ठरवले, हे अधिक महत्त्वाचे. येशूही याच बाजूला उभा दिसतो. शिलोहाचा बुरूज कोसळून 18 जण मेले, ते इतरांहून अधिक पापी होते असे नाही, असे तो सांगतो. जन्मांध माणसाकडे बोट दाखवून पाप याचे की याच्या आईबापांचे, असे शिष्य विचारतात, तेव्हा तो दोन्ही पर्याय नाकारतो.

तत्त्वज्ञानात या चर्चेला ‘थिऑडिसी’ (ईश्वराच्या न्यायाचे समर्थन) हे नाव जर्मन तत्त्वज्ञ लायब्निट्सच्या 1710 च्या ग्रंथाने दिले. शक्य असलेल्या जगांपैकी हेच सर्वोत्तम, या त्याच्या मताला 1 नोव्हेंबर 1755 च्या लिस्बन भूकंपाने धक्का बसला. तो सर्व संतांच्या सणाचा दिवस होता. चर्च भरलेली होती आणि वेदीवर पेटवलेल्या मेणबत्त्यांनी पुढच्या आगीत भर घातली. विसाव्या शतकात तत्त्वज्ञ ॲल्विन प्लँटिंगा याने दावा मर्यादित केला : माणसाला खरे स्वातंत्र्य देणाऱ्या ईश्वराचे अस्तित्व आणि वाईटाचे अस्तित्व यांत तार्किक विसंगती नाही, एवढेच त्याला दाखवायचे होते. भूकंप वा रोग यांना हे उत्तर थेट लागू पडत नाही.

खुलासा बाजूला ठेवून क्रूसाकडे वळणारा प्रवाह ख्रिस्ती विचाराचा गाभा अधिक जवळून पकडतो. ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ ही येशूची आरोळी म्हणजे ईश्वर स्वतः दुःखात उतरल्याची खूण, असे हा प्रवाह मानतो. नाझी तुरुंगातून 1944 मध्ये जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बाँहॉफर याने लिहिले की, दुःख सोसणारा ईश्वरच साहाय्य करू शकतो; युर्गेन मोल्टमान याने 1972 मध्ये त्याचाच विस्तार केला. ईश्वराला वेदना स्पर्श करू शकत नाहीत, या जुन्या सिद्धान्ताशी हे जुळत नसल्याने वाद अजून चालू आहे. दुसरा जॉन पॉल या पोपने 1984 च्या पत्रात मानवी दुःखाला ख्रिस्ताच्या दुःखातील सहभाग म्हटले. अशा भाषेने पीडितांना गप्प सोसायला शिकवले जाते, असा आक्षेप स्त्रीवादी धर्मशास्त्रज्ञांनी घेतला आहे.

मृत्यूबाबतची भूमिका मात्र अधिक ठाम आहे. पौल त्याला ‘शेवटचा शत्रू’ म्हणतो. आत्म्याची सुटका म्हणून त्याचे स्वागत करण्यापेक्षा देहाच्या पुनरुत्थानाची आशा येथे केंद्रस्थानी आहे. मेलेल्या लाजार या मित्राला आपण उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरीकडे जाताना रडतो.

माणसाच्या कोट्यवधी वर्षे आधी प्राणी मरत होते, हे जीवाश्मांवरून स्पष्ट झाल्यावर पतनकथेचा अर्थ नव्याने लावणे भाग पडले. सृष्टी काही हजार वर्षांचीच मानणारे गट पतनापूर्वीचा प्राण्यांचा मृत्यू नाकारतात. इतर अनेक जण पौलाच्या ‘मरणा’चा अर्थ ईश्वरापासूनची ताटातूट असा करतात, किंवा त्याला केवळ मानवापुरते मर्यादित ठेवतात. या दुसऱ्या वाटेला जुना आधारही आहे : आज मांस खाणारे सिंह आणि ससाणे पतनापूर्वी गवत खात होते, हे म्हणणे तेराव्या शतकात धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस याने अवास्तव ठरवले होते, कारण माणसाच्या पापाने प्राण्यांचा स्वभाव बदलला नाही, असे त्याचे मत होते.