उचलून मारणारा मुंबईकर: संदीप पाटीलवरच्या प्रेमाची पार्श्वभूमी

संदीप पाटीलचे नाव निघाले की आज साठीच्या घरात असलेली माणसे सरसावून बसतात. कसोटीत त्याच्या खात्यावर 29 सामने, 1588 धावा आणि चार शतके एवढीच जमा आहे, आणि त्याच मुंबईच्या सुनील गावसकरने एकट्याने 34 कसोटी शतके काढली आहेत. आदर गावसकरचा आणि जीव मात्र संदीपवर, अशी आमच्या पिढीतल्या अनेकांची वाटणी झाली होती. ती का झाली हे समजून घ्यायचे तर तो येण्याआधी मुंबईत चांगली फलंदाजी कशाला म्हणत, हे आधी पाहावे लागते.

विजय मर्चंटपासून वाडेकर-गावसकरांपर्यंत मुंबईचा फलंदाज ‘खडूस’ म्हणून ओळखला गेला, आणि हा शब्द तिथे कौतुकाचा होता. विकेट फेकायची नाही, चेंडू जमिनीलगत ठेवायचा, शतक झाले की जणू शून्यावर आहोत असे समजून पुन्हा गार्ड घ्यायचा, ही शिकवण मैदानातल्या प्रत्येक पोराच्या कानावर पडत असे. 1958-59 पासून 1972-73 पर्यंत सलग पंधरा वेळा रणजी करंडक मुंबईने जिंकला तो याच शिस्तीच्या बळावर. दादर-गिरगावच्या नोकरदार घरांना ही फलंदाजी आपली वाटे, कारण त्या घरांचा संसारही असाच अंथरूण पाहून पाय पसरण्याचा होता. हवेत फटका मारून बाद होणे ही उधळपट्टी मानली जाई आणि त्याबद्दलची बोलणी मैदानावर खाऊन आलेला मुलगा घरी पुन्हा तीच खात असे.

तरीही उचलून मारण्याची कला मुंबईला अनोळखी नव्हती. 1948 मध्ये सुरू झालेली मुंबईच्या क्लबांची कांगा लीग ही स्पर्धा भर पावसाळ्यात खेळली जाते. खेळपट्टी ओली असते, बाहेर गवत घोट्यापर्यंत वाढलेले असते आणि जमिनीलगत मारलेला सुरेख ड्राइव्हसुद्धा पंधरा पावलांवर त्या गवतात रुतून बसतो. तिथे धावा हव्या असतील तर चेंडू हवेतूनच न्यावा लागतो. मात्र ही पावसाळ्यापुरती सोय मानली जाई. सलीम दुराणीने मागणीनुसार षटकार मारावा आणि गर्दीने वेडे व्हावे, हे मुंबईने पाहिले होते. पण दुराणी राजस्थानकडून खेळणारा. आपल्या गल्लीतला कोणी असे खेळेल, ही कल्पनाच कोणी केलेली नव्हती.

संदीपचा जन्म 18 ऑगस्ट 1956 चा. वडील मधुसूदन पाटील स्वतः क्रिकेट आणि बॅडमिंटन उत्तम खेळणारे. बालमोहन शाळा, रुईया कॉलेज आणि शिवाजी पार्क जिमखाना हा त्याचा प्रवास दादर-माटुंग्याच्या कोणत्याही मुलाला तोंडपाठ असलेला. वेगळेपण होते ते रुंद खांद्यांत आणि चेंडू टप्प्यात आला की तो सोडायचा नाही या वृत्तीत. 1980 च्या जानेवारीत पाकिस्तानविरुद्ध मद्रासला तो पहिली कसोटी खेळला.

खरे नाते जुळले ते वर्षभराने, ऑस्ट्रेलियात. सिडनी कसोटीत तो हेल्मेटशिवाय खेळत होता. 65 धावांवर लेन पास्कोचा उसळता चेंडू कानावर बसला, तो खेळपट्टीवर कोसळला आणि त्याला मैदान सोडावे लागले. असा मार खाल्लेला फलंदाज पुढच्या सामन्यात मागच्या पायावर जातो, हा सर्वसाधारण अनुभव. तिसऱ्याच आठवड्यात ॲडलेडला लिली, हॉग आणि तोच पास्को समोर असताना संदीपने 174 धावा केल्या, त्यांत बावीस चौकार आणि एक षटकार होता. याच मैदानावर 1948 मध्ये सांगलीच्या विजय हजारेंनी एका कसोटीत 116 आणि 145 काढल्या होत्या. त्यांतली 145 ही ऑस्ट्रेलियात भारतीयाने केलेली तोवरची सर्वोच्च खेळी होती, ती संदीपच्या 174 धावांनी मागे पडली. तिथला खेळ आपल्याकडे पहाटे सुरू होई. आमच्या घरी ट्रान्झिस्टर उशीखाली दाबून ऐकला जाई, खरखरीत समालोचन मध्येच बुडे आणि आवाज परत आला की आकडा चारने पुढे गेलेला असे. मार खाऊनही न बिचकणारा हा माणूस आपल्या पार्कातला आहे, हे त्या खरखरीतून आमच्या मनात कायमचे ठसले.

पुढे जून 1982 मध्ये मँचेस्टरला इंग्लंडचा वेगवान गोलंदाज बॉब विलिसच्या एका षटकात त्याने सहा चौकार मारले. तिसरा चेंडू नोबॉल होता, म्हणून षटक सात चेंडूंचे झाले. नोबॉलनंतरचा एकच चेंडू धावेविना गेला. नऊ चेंडूंत तो 73 वरून 104 वर पोहोचला आणि शेवटी 129 वर नाबाद राहिला. वर्षभराने विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात तेच मैदान होते, विलिसच इंग्लंडचा कर्णधार होता आणि संदीपने 32 चेंडूंत नाबाद 51 करून भारताला अंतिम फेरीत पोहोचवले. कपिल देवच्या संघाच्या आठवणी निघतात तेव्हा ही खेळी घाईने उरकली जाते, याची मला खंत वाटते.

ज्या फटक्यावर आम्ही प्रेम केले, त्याच फटक्याने त्याची कसोटी कारकीर्द संपवली. डिसेंबर 1984 मध्ये दिल्लीला सामना अनिर्णित राखण्याची संधी असताना संदीप 41 धावांवर मोठा फटका मारून बाद झाला, कपिल देवही तसाच गेला आणि इंग्लंडने सामना जिंकला. पुढच्या कलकत्ता कसोटीतून दोघांनाही वगळण्यात आले. कपिल एका सामन्यानंतर परतला. संदीपच्या जागी आलेल्या महंमद अझरुद्दीनने पदार्पणातच 110 केल्या आणि पहिल्या तीनही कसोटींत शतके ठोकली, त्यामुळे संदीपसाठी तो दरवाजा पुन्हा उघडला नाही. त्या दिवशीचा फटका चुकीचा होता, हे मी आज मान्य करतो. पण तो फटका मारण्याची वृत्ती काढून घेतली असती तर ॲडलेडही झाले नसते, असे माझे ठाम मत आहे.

नंतर त्याने मध्य प्रदेशाचे नेतृत्व केले. त्याच्या प्रशिक्षणाखाली केनियाने 2003 च्या विश्वचषकात उपांत्य फेरी गाठली आणि 2012 मध्ये तो राष्ट्रीय निवड समितीचा अध्यक्ष झाला. मराठी वाचकाला मात्र त्याचा आणखी एक डाव आठवतो. त्याने संपादित केलेले क्रीडा नियतकालिक स्टॉलवर आले की मुले पैसे जमवून एकच अंक घेत आणि तो हातोहात फिरवत. वाढदिवशी मिळालेल्या पैशांतून घेतलेला एक अंक मी अजून जपून ठेवला आहे. त्याची पाने पिवळी पडली आहेत, कडा झिजल्या आहेत, पण मुखपृष्ठावरचे नाव स्वच्छ वाचता येते: ‘एकच षटकार’.