गोव्याचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत कसा फिरला

गोवा मुक्तीच्या वेळी सोव्हिएत रशियाने व्हेटो (नकाराधिकार) वापरला, हे आपल्याकडे बहुतेकांना ठाऊक असते. पण त्याआधी सहा वर्षे हा वाद संयुक्त राष्ट्रांत गाजत होता. या संघटनेच्या तीन मुख्य अंगांचा कारभार किती वेगळा आहे, हे त्यातून स्वच्छ दिसते.

१९५४च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांनी दादरा आणि नगर हवेली पोर्तुगीजांकडून मुक्त केली. पोर्तुगालला दमणहून तिथे फौज न्यायची तर वाटेत भारताची हद्द, आणि भारताने ती वाट अडवली. पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रांचे सदस्यत्व मिळाले १४ डिसेंबर १९५५ रोजी. आठवडा उलटतो न उलटतो तोच त्याने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा ठोकला. भारताची बाजू मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली. त्या खटल्यापुरते भारताने नेमलेले न्यायाधीश होते न्या. एम. सी. छागला. एप्रिल १९६०मध्ये निकाल लागला: खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांना जाण्या-येण्याचा हक्क होता, सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रे यांना नव्हता. शिवाय, वाट अडवून भारताने कोणतेही बंधन मोडलेले नाही.

आमसभेत प्रत्येक देशाला एक मत. १९६०मध्ये आफ्रिकेतले नवस्वतंत्र देश मोठ्या संख्येने आत आले आणि तिथले वारेच फिरले. गोवा हा आमचा प्रांत आहे, वसाहत नव्हे, असे पोर्तुगाल सांगत असे. आमसभेने त्या डिसेंबरमध्ये ठराव करून गोव्याला स्वयंशासन नसलेल्या प्रदेशांच्या यादीत घातले. अशा ठरावाची सक्ती करता येत नाही, तरी पोर्तुगालचा मुख्य युक्तिवादच त्याने खिळखिळा केला. भारताच्या दृष्टीने हा फार मोठा नैतिक आधार होता.

सुरक्षा परिषदेची तऱ्हा निराळी. तेव्हा ती ११ जणांची होती आणि ठरावाला ७ मते लागत. १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्य गोव्यात शिरताच पोर्तुगालने परिषदेकडे धाव घेतली. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांनी ठराव आणला: युद्ध थांबवा, भारताने सैन्य मागे घ्यावे. बाजूने ७ मते पडली, म्हणजे संख्या पुरी झाली होती. विरोधात सिलोन (आजची श्रीलंका), लायबेरिया, संयुक्त अरब प्रजासत्ताक (आजचा इजिप्त) आणि सोव्हिएत संघ. पहिल्या तिघांच्या विरोधाने ठराव अडला नसता. सोव्हिएत संघ कायम सदस्य असल्याने त्याच्या एका ‘नाही’ने तो पडला.

व्हेटोच्या नावाने आपण नेहमी बोटे मोडतो, आणि त्याला सबळ कारणेही आहेत. पण त्या रात्री मुक्तीच्या बाजूने उभा राहिला तो हाच व्हेटो, हे गोमंतकीयांनी आणि मराठी माणसांनी मोकळेपणी मान्य करायला हवे. व्हेटोने अडलेला विषय आमसभेत नेण्याची सोय १९५०पासून होती. परंतु वसाहतवादाविरुद्ध तापलेल्या त्या सभेत भारताविरुद्ध दोन-तृतीयांश मते जमणे कठीणच होते. ठराव मांडणाऱ्या देशांनी विषय तिकडे नेला नाही.