सरे काउंटीतील दफनभूमी व तेथील उल्लेखनीय व्यक्ती

सरे ही इंग्लंडच्या आग्नेय भागातील, लंडनला नैर्ऋत्येकडून लागून असलेली काउंटी होय. गावोगावच्या चर्चची आवारे, नगरांच्या दफनभूमी, युद्धात कामी आलेल्या सैनिकांची स्मशाने आणि ब्रिटनमधील पहिले आधुनिक दहनगृह एवढा विविध प्रकार या एका काउंटीत आढळतो. येथे विसावलेल्या नामवंतांपैकी अनेकांचा सरेशी जन्माने काही संबंध नव्हता आणि कित्येकांचा मृत्यूही भलत्याच देशात झाला. महानगरात जागा उरली नाही म्हणून, आपल्या धर्माप्रमाणे अंत्यविधी करता येईल असे दुसरे ठिकाण नव्हते म्हणून किंवा जिवलगाशेजारी निजायचे होते म्हणून ते येथे आले वा आणले गेले. मुंबईच्या इतिहासातील काही मोठी नावे सरेच्या मातीत सापडतात, ती या दुसऱ्या कारणामुळे.

काउंटीतील सर्वांत महत्त्वाची दफनभूमी वोकिंगजवळील ब्रुकवुड ही होय. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास लंडनमधील चर्चची आवारे प्रेतांनी अक्षरशः ओसंडत होती. १८४८-४९ च्या पटकीच्या साथीने ही स्थिती असह्य केली आणि शहरातील जुन्या आवारांत नवे दफन थांबविण्याकडे सरकारचा कल झाला. १८५२ मध्ये कायद्याने स्थापन झालेल्या लंडन नेक्रोपोलिस कंपनीने वोकिंगच्या माळरानावर सुमारे २,००० एकर जमीन घेतली आणि तिच्या एका भागात नोव्हेंबर १८५४ मध्ये दफनभूमी सुरू झाली. लंडनपासून हे अंतर सुमारे ४० किमी. असल्यामुळे वॉटर्लूजवळच्या खास स्थानकातून दफनभूमीत थेट जाणारी आगगाडी चालविण्यात आली. आत दोन स्थानके होती, एक अँग्लिकन (इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या) पंथीयांसाठी आणि दुसरे इतर सर्वांसाठी. मृताचीही पहिला, दुसरा व तिसरा अशी वर्गवारी होती. नातेवाइकांना परतीचे तिकीट मिळे, शवपेटीला अर्थातच एकेरी. एप्रिल १९४१ मधील जर्मन बाँबहल्ल्यात लंडनचे हे स्थानक उद्ध्वस्त झाले आणि ही सेवा कायमची बंद पडली.

‘इतर सर्वांसाठी’ राखलेल्या या जागेमुळेच ब्रुकवुडला आपले वेगळेपण लाभले. इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मूठभर पारशांपुढे अंत्यविधीचा प्रश्न बिकट होता, कारण तेथे दोखमा (मृतदेह उघड्यावर ठेवण्याचा पारशी मनोरा) नव्हता आणि तो बांधू दिला जाण्याची शक्यताही नव्हती. १८६१ मध्ये लंडनमध्ये पारशांची धार्मिक संस्था स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी ब्रुकवुडमध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र भाग घेण्यात आला. तेथील घुमटदार व स्तंभयुक्त समाध्यांतून मुंबईच्या उद्योगजगताची एक पिढी उभी राहते. नवसारीत जन्मलेले आणि मुंबईत उद्योग उभारणारे जमशेटजी टाटा १९ मे १९०४ रोजी जर्मनीतील बाड नाउहाइम येथे निधन पावले. त्यांचे दफन येथे झाले. धाकटे पुत्र रतनजी १९१८ मध्ये कॉर्नवॉलमधील सेंट आइव्ह्‌ज येथे वारले आणि वडिलांजवळ त्यांना जागा मिळाली. थोरले पुत्र दोराबजी यांची पत्नी मेहरबाई १९३१ मध्ये वेल्समध्ये निवर्तली. पुढच्या वर्षी तिच्या समाधीच्या दर्शनासाठी इंग्लंडकडे निघालेल्या दोराबजींना वाटेत, जर्मनीतील बाड किसिंगेन येथे, ३ जून १९३२ रोजी मृत्यू आला आणि तेही ब्रुकवुडलाच पोहोचले. मुंबईचे गिरणीमालक नौरोसजी वाडिया यांची समाधी याच भागात आहे. पुण्यातील वाडिया महाविद्यालयाच्या नावाने ते महाराष्ट्रात रोज उच्चारले जातात, पण त्यांच्या समाधीचा पत्ता तेथील विद्यार्थ्यांना क्वचितच ठाऊक असेल.

या समाध्यांच्या निकटच शापुरजी सकलातवाला यांच्या अस्थी आहेत. १८७४ मध्ये मुंबईत जन्मलेले सकलातवाला हे जमशेटजींचे भाचे. तरुणपणी ते टाटांसाठी लोहखनिजाचा शोध घेत रानोमाळ हिंडले. पुढे इंग्लंडमध्ये ते साम्यवादी झाले आणि लंडनच्या नॉर्थ बॅटर्सी मतदारसंघातून १९२२ व १९२४ मध्ये ब्रिटिश संसदेवर निवडून आले. जानेवारी १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले व गोल्डर्स ग्रीन येथे दहन करण्यात आले. भांडवलशाहीचा कडवा टीकाकार आणि हिंदुस्थानातील सर्वांत मोठ्या उद्योगघराण्याचा संस्थापक यांना एका भिंतीआड शेजार घडावा, यात विसंगती जितकी दिसते तितकीच घराण्याची ओढही दिसते.

ब्रुकवुडचा मुस्लिम विभागही असाच भारताशी जोडलेला आहे. वोकिंग येथे १८८९ मध्ये भोपाळच्या बेगम शाहजहान यांच्या देणगीतून ब्रिटनमधील मशीद म्हणूनच बांधलेली पहिली वास्तू उभी राहिली. ती उभारण्यात पुढाकार घेणारे प्राच्यविद्या पंडित गॉटलीब लाइटनर १८९९ मध्ये निवर्तले आणि ते स्वतः मुस्लिम नसूनही ब्रुकवुडमध्येच पुरले गेले. प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवरील (ब्रिटिश साम्राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयावरील) पहिले भारतीय सदस्य सय्यद अमीर अली (मृ. १९२८) हेही येथे आहेत. कुराणाच्या दोन सर्वाधिक वाचल्या गेलेल्या इंग्रजी अनुवादांचे कर्ते एकाच दफनभूमीत असणे हा योगायोग विशेष म्हणावा लागेल. त्यांपैकी मार्माड्यूक पिक्थॉल यांनी १९२० ते १९२४ या काळात मुंबईच्या ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादन केले, नंतर हैदराबादेत निजामाच्या सेवेत असताना अनुवाद पूर्ण केला आणि १९३६ मध्ये ते वारले. दुसरे अब्दुल्ला यूसुफ अली. १८७२ मध्ये मुंबईत जन्मलेले व इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये अधिकारी राहिलेले हे विद्वान डिसेंबर १९५३ मध्ये लंडनच्या थंडीत निराधार अवस्थेत आढळले आणि लवकरच मरण पावले. चित्रकार जॉन सिंगर सार्जंट (मृ. १९२५), लेखिका रिबेका वेस्ट (मृ. १९८३) आणि लंडनमध्ये गोळ्या झाडून ठार केलेले पॅलेस्टिनी व्यंगचित्रकार नाजी अल-अली (मृ. १९८७) यांचीही थडगी ब्रुकवुडमध्ये आहेत.

वोकिंगनजीक सेंट जॉन्स येथे दहनाचे पुरस्कर्ते सर हेन्री टॉम्सन यांच्या संस्थेने नेक्रोपोलिस कंपनीकडूनच १८७८ मध्ये जमीन घेतली. स्थानिक विरोधामुळे भट्टी काही वर्षे बंद पडून राहिली. दहन बेकायदेशीर नाही, असे १८८४ मध्ये न्यायालयाने ठरविल्यावर मार्च १८८५ मध्ये पहिले दहन झाले. थिऑसॉफीच्या प्रवर्तक मादाम ब्लाव्हाट्‌स्की (१८९१) आणि मार्क्सचे सहकारी फ्रीडरिक एंगल्स (१८९५) यांचे अंत्यविधी येथेच झाले. आपल्याकडे जे सहज, त्यासाठी तेथे न्यायालयापर्यंत जावे लागले.

गिल्डफर्डच्या माउंट दफनभूमीत लुईस कॅरल या टोपणनावाने प्रसिद्ध असलेले लेखक चार्ल्स डॉजसन यांचा पांढरा क्रूस आहे. ऑक्सफर्डचे हे गणिताध्यापक बहिणींच्या गिल्डफर्डमधील घरी आले असता १४ जानेवारी १८९८ रोजी न्यूमोनियाने दगावले. जवळच्या कॉम्प्टन गावी चित्रकार जी. एफ. वॉट्स (मृ. १९०४) यांची दफनभूमी आहे. त्यांची पत्नी मेरी हिने गावकऱ्यांना मातीकाम शिकवून त्यांच्या हातून येथील लाल विटांचे अलंकृत प्रार्थनागृह घडवून घेतले. लॉस एंजेलिसमध्ये १९६३ साली वारलेले कादंबरीकार ऑल्डस हक्सली यांच्या अस्थी १९७१ मध्ये याच ठिकाणी आईवडिलांच्या कबरीत आणण्यात आल्या. उद्यानरचनाकार गर्ट्रूड जीकल (मृ. १९३२) बझब्रिज येथे, तर फ्रान्सचा पदच्युत राजा लुई फिलिप १८५० ते १८७६ एवढाच काळ वेब्रिज येथे होता. नंतर त्याचे अवशेष फ्रान्समधील द्रू येथे नेण्यात आले.

लिंप्सफील्डच्या चर्चच्या आवारात संगीतकार फ्रेडरिक डीलियस आहेत. १९३४ मध्ये फ्रान्समध्ये वारलेल्या डीलियस यांचे पुनर्दफन पुढील वर्षी येथे झाले, त्या वेळी त्यांचे संगीत जगापुढे आणणारे वाद्यवृंद-संचालक टॉमस बीचम यांनी भाषण केले. स्वतः बीचम १९६१ मध्ये ब्रुकवुडला पुरले गेले होते. १९९१ मध्ये त्यांनाही तेथून हलवून मित्राजवळ आणले गेले.

पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधील रुग्णालयांत मरण पावलेल्या भारतीय मुस्लिम सैनिकांसाठी वोकिंगजवळ हॉर्सेल माळावर कमानदार वेशीची स्वतंत्र दफनभूमी बांधण्यात आली होती. १९६८ च्या सुमारास त्यांचे अवशेष ब्रुकवुडच्या सैनिकी दफनभूमीत हलविले गेले. दुसऱ्या महायुद्धातील ज्या हवाई सैनिकांची कबरच नाही अशांसाठी रनीमीड येथे हवाई दलाचे स्मारक असून त्यावर २०,००० हून अधिक नावे कोरलेली आहेत. बडोद्याच्या गायकवाडी राज्यात वाढलेले गायक व सूफी इनायत खान यांची कन्या व ब्रिटनची गुप्तहेर नूर हिला सप्टेंबर १९४४ मध्ये डाखाउ छळछावणीत गोळी घालण्यात आली. तिचे नाव या स्मारकाच्या फलक क्रमांक २४३ वर आहे.