पुण्यात चालणारं थ्री-जी इंदूरला का थांबलं?

२०११ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याची आतेबहीण आमच्याकडे रामबागेत आली. पुण्यात तिच्या फोनवर थ्री-जी छान चालायचं. इंदूर स्टेशनवर उतरली आणि पडद्यावर नुसतं ‘ई’, म्हणजे जुनं संथ टू-जी इंटरनेट उरलं. जेल रोडच्या दुकानदाराने सिम काढून परत घातलं, सेटिंग तपासलं. फोन ठणठणीत होता. तिच्या कंपनीकडे महाराष्ट्राचा थ्री-जी स्पेक्ट्रम, म्हणजे त्या सेवेसाठीच्या रेडिओ लहरींचा पट्टा होता, मध्य प्रदेशाचा नव्हता.

तंत्र तर दहा वर्षांचं जुनं होतं. जपानमध्ये एनटीटी डोकोमोने १ ऑक्टोबर २००१ ला थ्री-जी सुरू केलं. आपल्याकडे घोडं अडलं ते लहरींपाशी. २१०० मेगाहर्ट्झचा पट्टा बराचसा संरक्षण दलांकडे होता आणि तो सोडायचा तर त्यांना स्वतःचं ऑप्टिकल फायबरचं जाळं हवं होतं. तसा करार २००९ मध्ये झाला. सरकारी कंपन्यांना स्पेक्ट्रम लिलावाआधीच मिळाला होता, म्हणून एमटीएनएलने डिसेंबर २००८ मध्ये दिल्लीत आणि बीएसएनएलने फेब्रुवारी २००९ मध्ये चेन्नईत सेवा सुरू केली.

खासगी कंपन्यांसाठीचा लिलाव ९ एप्रिल २०१० ला सुरू झाला आणि ३४ दिवस, १८३ फेऱ्या चालला. सरकारी कंपन्यांचा हिस्सा धरून सुमारे ६७,७०० कोटी रुपये जमले. मोबाइल परवान्यांसाठी देशाचे २२ भाग पाडले आहेत, त्यांना सर्कल म्हणतात. भाव इतके चढले की २२ च्या २२ सर्कल एकाही खासगी कंपनीला घेता आले नाहीत. मध्य प्रदेश-छत्तीसगड आयडिया, टाटा आणि रिलायन्स कम्युनिकेशन्सला मिळालं. एअरटेल आणि व्होडाफोनला नाही. माझ्या मते इंदूरकरांना सगळ्यात जास्त नडली ती ही सर्कलची रेघ. आमची सोयरीक पुण्या-नागपूरकडे, जाणं-येणं तिकडचं, आणि बुऱ्हाणपूर ओलांडलं की सर्कल बदलतं.

यावर एअरटेल, व्होडाफोन आणि आयडियाने एकमेकांचं थ्री-जी जाळं वापरायचा तोडगा काढला. दूरसंचार खात्याने डिसेंबर २०११ मध्ये तो बेकायदा ठरवला. वाद लवादात गेला आणि कंपन्यांच्या बाजूने निकाल लागायला एप्रिल २०१४ उजाडलं. तोवर जगात फोर-जी रुळलं होतं.

फोर-जीचा उशीर वेगळ्या जातीचा. २०१० च्याच ब्रॉडबँड लिलावात इन्फोटेल या छोट्या कंपनीने बावीसही सर्कल घेतले आणि लगेच रिलायन्स इंडस्ट्रीजने ती कंपनी ताब्यात घेतली. म्हणजे इथे स्पेक्ट्रम हातात होता. पण २३०० मेगाहर्ट्झवर चालणारे स्वस्त फोन बाजारात नव्हते, आणि त्या परवान्यावर साधा कॉल देण्याची मुभाही नव्हती. ती २०१३ मध्ये १,६५८ कोटी भरून मिळवावी लागली. जुनं टू-जी जाळं नसल्याने आवाजही डेटावरूनच न्यायचा होता. रिलायन्सची ही सेवा ‘जिओ’ नावाने लोकांपर्यंत पोचली ५ सप्टेंबर २०१६ ला. फाइव्ह-जीला मात्र लिलाव संपल्यापासून दोनच महिने लागले: १ ऑगस्ट ते १ ऑक्टोबर २०२२.

थ्री-जीत आघाडीवर असलेली बीएसएनएल या सगळ्यात मागे राहिली याची खंत वाटते. तिचं फोर-जीचं टेंडर २०२० मध्ये रद्द झालं, पुढे स्वदेशी यंत्रणेचा आग्रह धरला गेला, आणि सी-डॉट ही सरकारी संशोधन संस्था आणि तेजस व टीसीएस या कंपन्यांनी ती उभी केली. देशभराचं औपचारिक उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ ला झालं.