स्ट्रेंज
स्ट्रेंज : अनोळखीपणा दर्शविणारे, इंग्रजीत नित्य वापरले जाणारे विशेषण. मूळ अर्थ ‘बाहेरचा, परका’. त्यावरून ‘अपरिचित’ आणि पुढे ‘नवलाचा, विचित्र’ हे अर्थ रूढ झाले. मराठीत त्यासाठी सरसकट ‘विचित्र’ हा प्रतिशब्द योजला जातो. तो शेवटच्या अर्थापुरताच बरोबर आहे. जुन्या इंग्रजी ग्रंथांचा अर्थ लावताना तो बहुधा दिशाभूल करतो.

व्युत्पत्ती : लॅटिन ‘एक्स्ट्रा’ (बाहेर) यापासून ‘एक्स्ट्रानेउस’ (बाहेरचा) हे विशेषण झाले. रोमन कायद्यात त्याला नेमका पारिभाषिक अर्थ होता. इ. स. दुसऱ्या शतकातील विधिज्ञ गाइयस याने वारसांचे प्रकार सांगताना मृत्युपत्र करणाऱ्याच्या सत्तेखाली नसलेल्या वारसांना ‘एक्स्ट्रानेइ’ म्हटले आहे. पित्याच्या सत्तेतून मुक्त झालेला पोटचा मुलगाही, वारस नेमला गेल्यास, याच वर्गात धरला जाई. म्हणजे हा परकेपणा रक्ताचा किंवा देशाचा नव्हता. एका ठरावीक कक्षेच्या बाहेर असणे एवढाच त्याचा आशय होता. मराठीतील ‘परस्थ’ किंवा ‘तिऱ्हाईत’ हे शब्द त्याला सर्वांत जवळचे होत.

जुन्या फ्रेंचमध्ये या शब्दाचे ‘एस्त्रांज’ असे रूप झाले आणि इंग्लंडवरील नॉर्मन (फ्रेंचभाषक) सत्तेनंतरच्या काळात तो इंग्रजीत आला. इंग्रजीतील त्याचे सर्वांत जुने लिखित दाखले साधारणपणे इ. स. १३०० च्या आसपासचे मानले जातात. बोलण्यात तो त्याआधीच रुळला असणे शक्य आहे. इंग्रजीने आरंभीचा ‘ए’ गाळला व ‘स’ राखला. ‘स्टेट’, ‘स्पाय’, ‘स्क्वायर’ या शब्दांतही हेच घडले. फ्रेंचने पुढे याच्या उलट ‘स’ गाळून ‘ए’ राखला, म्हणून आजच्या फ्रेंचमध्ये हाच शब्द ‘एत्रांज’ असा उच्चारला जातो. इटालियन ‘स्त्रानो’ हा याच कुळातला. दुरावा आणणे या अर्थाचे इंग्रजी क्रियापद ‘एस्ट्रेंज’ पंधराव्या शतकात फ्रेंचमधून आले, तर ‘एक्स्ट्रेनिअस’ (अप्रस्तुत, बाहेरून आलेला) हा शब्द सतराव्या शतकात थेट लॅटिनमधून पुन्हा उचलला गेला. गळा दाबणे या अर्थाच्या ‘स्ट्रँगल’शी मात्र याचा काही संबंध नाही. तो शब्द ग्रीकमधून लॅटिनमार्गे आलेला आहे.

‘परका’ या अर्थावरून ‘नवलाचा’ हा अर्थ कोठे निघाला, याविषयी दोन तर्क करता येतात. इंग्रजीतील दाखले पाहिले तर पहिला अर्थ आधीचा, आणि दुसरा चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात ठळक होतो. त्यावरून हा विस्तार इंग्रजीतच झाला असे वाटू शकते. परंतु जुन्या फ्रेंच शब्दाला ‘असामान्य’ ही छटा आधीपासून होती. त्यामुळे दोन्ही अर्थ एकत्रच आले आणि लिखित दाखले तेवढे मागेपुढे मिळतात, असे मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

हा शब्द येण्यापूर्वी ही जागा ‘फ्रेम्दे’ (परका) व ‘अनकूथ’ (न जाणलेला) हे जुने इंग्रजी शब्द सांभाळत होते. पहिला प्रमाण इंग्रजीतून जवळजवळ लोपला, स्कॉट्स बोलीत टिकला. जर्मन ‘फ्रेम्ट’ त्याचा सगोत्र. दुसरा अर्थ बदलून ‘असंस्कृत, रांगडा’ असा झाला.

जुन्या ग्रंथांतील वापर : १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘स्ट्रेंज लँड’ म्हणजे परमुलूख आणि ‘स्ट्रेंज गॉड्स’ म्हणजे परके देव. लेवीय ग्रंथातील ‘स्ट्रेंज फायर’ हा विचित्र अग्नी नव्हे. देवाने सांगितला नव्हता असा, विधीबाहेरचा अग्नी होय. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये (अंक १, प्रवेश ५) दोन्ही अर्थ एकमेकांवर बेतले आहेत. भूताचा आवाज ऐकून हॅम्लेटचा मित्र होरेशिओ ‘हे भलतेच स्ट्रेंज’ असे म्हणतो, तेव्हा हॅम्लेट ‘मग स्ट्रेंजर म्हणूनच त्याचे स्वागत कर’ असे उत्तर देतो. येथे पहिला शब्द नवलाचा आहे आणि दुसरा आगंतुक पाहुण्याचा.

स्ट्रेंजर : अनोळखी किंवा बाहेरची व्यक्ती. सोळाव्या शतकात इंग्लंडमधील नॉर्विच येथे आणवलेल्या फ्लेमिश व वालून (आजच्या बेल्जियमकडील) विणकरांना ‘स्ट्रेंजर्स’ हेच नाव होते. ब्रिटिश कॉमन्स सभागृहात सदस्य व अधिकारी नसलेला कोणीही ‘स्ट्रेंजर’ गणला जाई. ‘आय स्पाय स्ट्रेंजर्स’ असे सदस्याने पुकारून प्रेक्षकसज्जे रिकामे करण्याचा ठराव मागण्याची प्रथा १९९८ मध्ये बंद झाली, आणि २००४ मध्ये हा शब्दच सोडून ‘पब्लिक’ स्वीकारण्यात आला. करारात पक्षकार नसलेला तिऱ्हाईत या अर्थी कायद्यात तो अजून चालतो.

उपयोग : उच्चार एकावयवी (एकाच स्वराचा) आहे. शेवटचा ‘ज’ तालव्य, म्हणजे ‘जीव’मधल्यासारखा, ‘आज’मधल्यासारखा दंततालव्य उच्चार चुकीचा. ‘मी इथे नवखा आहे’ यासाठी ‘आय अ‍ॅम स्ट्रेंज हिअर’ म्हटल्यास ‘मी इथे विचित्र वागतो’ असे ऐकू येते. योग्य रचना ‘आय अ‍ॅम अ स्ट्रेंजर हिअर’. ‘आय फील स्ट्रेंज’ म्हणजे कसेसेच होणे किंवा परके परके वाटणे. नेमके कोणते, ते संदर्भावरून ठरते. ‘स्ट्रेंजर’ हे तरतमभावाचे रूपही आहे (अधिक विचित्र): पुढे ‘दॅन’ असेल तर बहुधा विशेषण, मागे ‘अ’ असून पुढे नाम नसेल तर नाम. ‘ही इज नो स्ट्रेंजर टु हार्डशिप’ म्हणजे कष्ट त्याला नवे नाहीत.

‘इट इज स्ट्रेंज दॅट शी शुड से सो’ या वाक्यातील ‘शुड’चे भाषांतर ‘पाहिजे’ असे करू नये. येथे मराठी विध्यर्थ चपखल बसतो: ‘तिने असे म्हणावे याचे नवल वाटते.’

‘अनफॅमिलियर’ या जवळच्या शब्दात आश्चर्याचा भाव नसतो. त्याच्याबरोबर कोणते शब्दयोगी अव्यय येते, यात वारंवार चूक होते. वस्तू कर्ता असेल तर ‘टु’ (‘द रोड इज अनफॅमिलियर टु मी’), व्यक्ती कर्ता असेल तर ‘विथ’ (‘आय अ‍ॅम अनफॅमिलियर विथ द रोड’). ‘फॉरिन’ परदेशाशी बांधलेला आहे. ‘ऑड’मध्ये मेळात न बसणे आहे, तर ‘विअर्ड’मध्ये गूढतेची छटा, त्याचे मूळ नियती या अर्थाच्या जुन्या इंग्रजी नामात आहे.

भौतिकीतील संज्ञा : जॉर्ज रॉचेस्टर व क्लिफर्ड बटलर यांना १९४७ मध्ये मँचेस्टर येथे मेघकोठीच्या (भारित कणांचे माग दाखवणाऱ्या उपकरणाच्या) छायाचित्रांत इंग्रजी ‘व्ही’ आकाराचे माग आढळले. त्यातून उजेडात आलेल्या नव्या कणांची निर्मिती प्रबल आंतरक्रियेने (अणुकेंद्रातील कणांना बांधून ठेवणाऱ्या बलाने) सहज होई, पण विघटनाला सेकंदाच्या साधारण १० अब्जाव्या भागाइतका वेळ लागे. प्रबल आंतरक्रियेच्या मानाने तो सुमारे १० लाख कोटी पट जास्त होता. म्हणून त्यांना ‘स्ट्रेंज कण’ म्हणू लागले. हे कण जोडीनेच निर्माण होत असावेत, अशी कल्पना अब्राहम पाइस यांनी १९५२ मध्ये मांडली. १९५३ मध्ये मरे गेल-मान यांनी, आणि स्वतंत्रपणे तादाओ नाकानो व काझुहिको निशिजिमा यांनी, तिला एका पुंजांकाचे (कणाचा गुण दर्शविणाऱ्या अंकाचे) रूप दिले; तोच ‘स्ट्रेंजनेस’. ऋण पायॉन हा कण प्रोटॉनवर आदळून (दोघांचाही स्ट्रेंजनेस शून्य) उदासीन केऑन (+१) व लॅम्डा (−१) हे स्ट्रेंज कण निर्माण होतात तेव्हा बेरीज शून्यच राहते. एकट्या लॅम्डाचे प्रोटॉन व पायॉनमध्ये विघटन होताना मात्र ती एकने बदलते. प्रबल आंतरक्रियेला असा बदल निषिद्ध आहे. तो केवळ दुर्बल आंतरक्रियेने (किरणोत्सर्गातील बीटा ऱ्हास घडवणाऱ्या बलाने) होतो, म्हणून हे विघटन मंद. १९६४ च्या क्वार्क (प्रोटॉनसारख्या कणांचे मूलघटक) प्रतिमानात या गुणाचा वाहक ‘स्ट्रेंज क्वार्क’ ठरला. त्याचा विद्युत्‌भार −१/३ आहे. संज्ञा क्वार्कच्या कल्पनेआधीची असल्याने त्याचा स्ट्रेंजनेस −१ आणि प्रतिक्वार्कचा +१ असा उलटा संकेत शिल्लक राहिला. गणित करताना चिन्हाची चूक बहुधा येथेच होते.

गणितात ‘स्ट्रेंज अ‍ॅट्रॅक्टर’ (अनियमित गती कालांतराने ज्या गुंतागुंतीच्या आकृतीकडे ओढली जाते ती) ही संज्ञा दाव्हिद र्‍युएल व फ्लोरिस ताकेन्स यांच्या १९७१ च्या प्रक्षोभविषयक (द्रव-वायूंच्या खळबळत्या प्रवाहाविषयीच्या) निबंधापासून रूढ झाली.