हळदीचा डाग आणि काचेचा धागा

आमटीचा डाग पडलेल्या सदऱ्याला साबण लावला की पिवळ्याचा लालभडक होतो. हळदीतल्या कुर्कुमिनला आम्लारी भेटला की त्याचा रंग पालटतो. अमोनिया वायूही आम्लारीधर्मीच, त्यामुळे हळदीच्या पाण्यात भिजवलेला कागद अमोनियाच्या वाफेवर धरला तर तोही लालसर होतो. हाच रंगबदल कुणी जवळ नसताना, रात्री दोन वाजताही, एखाद्या उपकरणाला वाचता आला तर? स्वस्त आणि तल्लख वायुसंवेदक बनवण्याचा एक चांगला मार्ग इथूनच सुरू होतो.

द्राक्षांच्या शीतगृहांत आणि मासळी बंदरांवरच्या बर्फाच्या कारखान्यांत थंडावा आणायला अमोनिया वापरतात. आठ तास काम करणाऱ्या माणसासाठी सुरक्षित मर्यादा मानतात ती हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग अमोनियाची. ३०० भागांवर तो जिवाला तातडीचा धोका ठरतो. वास लवकर येतो हे खरं, पण नाक त्याला सरावतं आणि रोज तिथेच राबणाऱ्याला थोडी गळती जाणवेनाशी होते.

बाजारात सर्वांत स्वस्त मिळतात ते टिन ऑक्साइडचे संवेदक. ते चालायला आतला कण काहीशे अंश तापवावा लागतो, आणि अमोनिया, दारूची वाफ, स्वयंपाकाचा गॅस यांत ते सहज गल्लत करतात. प्रकाशतंतूचा, म्हणजे ऑप्टिकल फायबरचा, मोठा फायदा असा की वायू असलेल्या जागी वीज न्यावीच लागत नाही. तिथे पोचतो फक्त प्रकाश. ठिणगीची भीती असलेल्या ठिकाणी ही केवढी मोठी सोय आहे!

या तंतूत मध्ये गाभा आणि भोवती आवरण असतं. आवरणाचा वक्रीभवनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याची क्षमता, थोडा कमी असल्याने प्रकाश गाभ्यातच परावर्तित होत पुढे सरकतो. पण परावर्तन होताना प्रकाश काठावर अगदी थबकत नाही. साधारण एका तरंगलांबीइतका, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास, तो बाहेर डोकावतो आणि परत फिरतो. आवरण काढून टाकलं तर हा डोकावणारा प्रकाश बाहेरच्या जगाला शिवतो.

तंतू नुसता उघडा करून मात्र भागत नाही. वायू द्रवापेक्षा साधारण हजारपट विरळ. एवढ्याशा जाडीच्या थरात त्याचे रेणू असतात किती, आणि ते प्रकाश शोषणार किती? म्हणून वायूला धरून ठेवणारा थर द्यावा लागतो: सिलिकाचा, आंबोळीला पडते तशी पण डोळ्यांना न दिसणारी जाळी असलेला, आणि त्या जाळीत मुरवलेला रंग. अमोनियासाठी ब्रोमोक्रेसॉल पर्पल हा प्रयोगशाळेतला नेहमीचा रंग चालतो. आम्लात पिवळा, आम्लारीत जांभळा. जांभळा झाला की तो ५९० नॅनोमीटरच्या आसपासचा पिवळा-नारिंगी प्रकाश शोषतो. वायू निघून गेला की रंग हळूहळू मूळपदावर येतो.

दुसरी युक्ती आकाराची. केसांच्या आकड्यासारखा तंतू वाकवला की वळणावर प्रकाश अधिक बाहेर डोकावतो. आयआयटी मुंबईत सौम्यो मुखर्जी यांच्या गटाने असा वाकवलेला तंतू जैविक रेणू ओळखण्यासाठी वापरला. त्यांचं ते काम २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. तत्त्व वायूंनाही लागू पडतं.

मग महाग काय असतं? बहुतेक लोकांना वाटतं, तंतू. प्रत्यक्षात पैसा जातो तो लेसर आणि प्रकाशातले रंग वेगळे करून मोजणाऱ्या वर्णपटमापकात. मिथेन १.६५ मायक्रोमीटरचा प्रकाश थेट शोषतो, त्यामुळे कोळसा खाणीतला मिथेन लांबवरूनही मोजता येतो, पण त्याला त्याच तरंगलांबीचा लेसर लागतो. उलट रंग आणि आकार यांनी मेहनत उचलली, तर साधा एलईडी आणि प्रकाश मोजणारा साधा फोटोडायोड पुरतो. काचेऐवजी एक मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा तंतूही चालतो, आणि तो ब्लेडने कापून हाताने जोडता येतो. माझ्या मते स्वस्ताईची खरी किल्ली हीच आहे.

खरी कसोटी तल्लखपणाची नाही, भरवशाची आहे. प्रकाश कमी झाला तो अमोनियामुळे, की धूळ बसली, तंतू हलला, एलईडी तापून मंदावला? यावर उपाय दोन एलईडींचा. एक रंगाला शोषता येणारा, दुसरा न शोषला जाणारा, उदाहरणार्थ अवरक्त. दोन्ही आळीपाळीने लुकलुकवायचे आणि उत्तरांचं गुणोत्तर घ्यायचं. धूळ आणि वाकणं दोघांनाही जवळपास सारखंच छळतं, म्हणून भागाकारात बरंचसं निघून जातं. एलईडींचं म्हातारपण मात्र वेगवेगळं असतं. त्यासाठी तंतूत शिरण्याआधीच थोडा प्रकाश दुसऱ्या फोटोडायोडकडे वळवून तोही मोजावा लागतो.

राहते ती दमट हवा. अमोनिया पाण्यात झटकन विरघळतो, त्यामुळे जाळीत पाणी साचलं की आकडे बदलतात आणि वायू निघून जायलाही वेळ लागतो. कोकणातल्या पावसाळ्यात हा प्रश्न किती छळेल, ते सांगायला नको. म्हणून शेजारी आर्द्रतेचा संवेदक ठेवून दुरुस्ती करतात, किंवा वायू आत सोडणारी पण पाणी न सोडणारी टेफ्लॉनची सच्छिद्र पापडी वर चढवतात.

कालांतराने रंग उडतो. तेव्हा फक्त टोकाचा तंतू बदलायचा, बाकी पेटी तीच. नवं टोक तपासायला मोजून भरलेला महागडा वायुसिलिंडर दर वेळी लागतोच असं नाही. ठरावीक तापमानाला, ठरावीक तीव्रतेच्या अमोनियाच्या पाण्यावर बंद बाटलीत किती वायू साचतो, ते गणिताने काढता येतं. टोक त्या बाटलीत धरायचं आणि आकडा जुळतो का ते पाहायचं.