इमाम, वांगं आणि कांदेनवमी: तुर्की ताटातल्या शाकाहाराची पार्श्वभूमी

कांदेनवमीला आमच्याकडे कांदाभजी आणि भरीत ठरलेलं असतं. यंदा मात्र आईला घेऊन आम्ही घोडबंदर रस्त्यालगतच्या एका गल्लीतल्या लहानशा तुर्की हॉटेलात गेलो. जेमतेम आठ टेबलं, भिंतीवर निळ्या नक्षीच्या फरशा, आवाज न चढवता बोलता येईल अशी शांतता. शाकाहारी पानावर पहिलंच नाव होतं इमाम बायल्दी. अख्खं वांगं मधोमध चिरून त्यात कांदा, टोमॅटो, लसूण भरलेलं आणि सगळं ऑलिव्हच्या तेलात मंद आचेवर मुरलेलं. आई एक घास खाऊन म्हणाली, "अरे, हे तर आपलं कांदेनवमीचंच जेवण!"

शेजारच्या टेबलावर कुणीतरी म्हणत होतं की हे पान ठाण्यातल्या शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी मुद्दाम घातलेलं दिसतं, तुर्की म्हणजे कबाबच. हा समज फार पसरलेला आहे आणि तो खरा नाही. त्या पानावरचे बहुतेक पदार्थ ठाण्यात हॉटेल निघण्याच्या कितीतरी आधीपासून बिनमांसाचेच आहेत.

कबाबचा समज कुठून आला ते आधी सांगतो. 30 ऑक्टोबर 1961 रोजी पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात कामगार पाठवण्याचा करार झाला. लाखो तुर्की माणसं तिथल्या कारखान्यांत गेली आणि 1970 च्या दशकात बर्लिनमध्ये पावात घालून विकलेला डोनर कबाब तुफान चालला. जगाला तुर्की जेवणाची ओळख झाली ती अशी रस्त्यावर, उभ्याउभ्या खाण्यातून. घरातली भांडी त्या गाडीवर कधी आलीच नाहीत.

घरातल्या त्या भांड्यांत तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर एक स्वतंत्र वर्गच आहे, झेयतिनयाली. झेयतिन म्हणजे ऑलिव्ह, आपण हिंदीतून ज्याला जैतून म्हणून ओळखतो तेच. भाज्या या तेलात शिजवायच्या आणि गार झाल्यावर वाढायच्या. म्हणून तुमच्या टेबलावर फरसबी किंवा वांगं थंड आलं तर ते शिळं नाही, परत गरम करायला पाठवू नका. इस्तंबूलच्या ऑटोमन राजवाड्यात लोणी-तुपाचा मान मोठा होता. तिथल्या कढवलेल्या लोण्याला सादेया म्हणतात, ते आपलं साजूक तूपच. ऑलिव्हचं तेल दिव्यात आणि साबणात बरंच जायचं. ते भाजीत मुरलं ते किनाऱ्यावर, बेटांवर आणि शहरातल्या ग्रीक व आर्मेनियन ख्रिस्ती घरांत.

त्या घरांत तेलाच्या भाज्यांना बळ दिलं ते उपासाने. ईस्टरच्या आधी सुमारे सात आठवडे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती मांस, अंडी, दूध, लोणी वर्ज्य करतात. मग उरतं काय? कडधान्यं, भाज्या, तांदूळ, तेल. इस्तंबूलच्या आर्मेनियन लोकांचा टोपिक हा असाच उपासाचा पदार्थ: बाहेर हरभऱ्याचं आवरण, आत परतलेला कांदा, बेदाणे, चिलगोज्यासारख्या बिया, तिळाची पेस्ट, दालचिनी. द्राक्षाच्या पानात भात गुंडाळून करतात त्या बिनमांसाच्या प्रकाराला तुर्कीत यालांजी म्हणतात, म्हणजे खोटारडा. आत खिमा असेल असं वाटतं आणि निघतो भात! दोल्मा म्हणजे भरलेलं, सार्मा म्हणजे गुंडाळलेलं. भरली वांगी आणि अळूवडी करणाऱ्या माणसाला ही विभागणी समजावून सांगावी लागत नाही.

आपल्याकडे चातुर्मासात कांदा, लसूण, वांगं सोडतात, म्हणून आषाढ शुद्ध नवमीला ते पोटभर खाऊन घेतात. तिकडच्या उपासाने वांग्याला स्वयंपाकघरात आणखी जागा दिली, आपल्या उपासाने त्याला चार महिने बाहेर ठेवलं. तरीही दोन्ही ठिकाणी बाईला रोजच्या सवयीपलीकडचं काहीतरी रांधायला लावलं ते उपासानेच. मला या सगळ्या इतिहासात हे सर्वांत मोलाचं वाटतं.

वांगं तर मुळात इकडूनच गेलेलं. संस्कृत वातिंगण, त्याचं फारसीत बादिंगान, अरबीत बादिंजान, तुर्कीत पातलिजान. आपलं वांगंही त्याच घराण्यातलं. हाच शब्द अरबांबरोबर स्पेन-पोर्तुगालला पोचला, तिथे बेरिंजेला झाला आणि पोर्तुगिजांच्या तोंडून ब्रिंजल होऊन भारतात परतला. ठाणं 1737 पर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यात होतं, तेव्हा या शब्दाची एक चक्कर आपल्या खाडीकाठी पुरी झाली म्हणायला हरकत नाही. इमाम बायल्दीतला टोमॅटो मात्र अमेरिकेतून आलेला. तुर्की रांधपात तो सर्रास रुजला तो 19 व्या शतकात. नावाचा अर्थ 'इमाम बेशुद्ध पडला'. चवीने पडला की बायकोने किती तेल ओतलं ते ऐकून, यावर दोन गोष्टी सांगतात.

1923 साली तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर मोठी उलथापालथ झाली. 30 जानेवारीला स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार केला. दहा लाखांहून जास्त ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसकडे आणि साडेतीन लाखांच्या आसपास मुसलमान तुर्कस्तानकडे हलवले गेले. इस्तंबूलचे ग्रीक त्यातून वगळले होते. क्रीट बेटावरून आलेली मुसलमान कुटुंबं याच किनाऱ्यावरच्या आयवालिक गावात आणि शेजारच्या जुंदा बेटावर ग्रीकांच्या रिकाम्या घरांत राहिली. घर, शेत, शेजार मागे सुटला, पण रानातली कुठली पालेभाजी कधी खुडायची हे ज्ञान त्यांच्या बायकांनी बरोबर आणलं. आज त्या भागाचं नाव रानभाज्यांसाठी घेतात. पावसाळ्यात येऊरच्या बाया टाकळा, कुरडू, शेवळं घेऊन बसतात, तसंच. त्यांची सेमिझोतू म्हणजे आपली घोळ. ते ती लसूण घातलेल्या दह्यात कालवतात, आपण ताकात शिजवतो.

तुर्कस्तानच्या आतल्या, कोरड्या भागात, म्हणजे मध्य अनातोलियात, ऑलिव्ह नाही. तिथे गहू, मसूर आणि दही. गहू आधी उकडून, वाळवून, मग भरडला की बुलगुर होतो. लापशीच्या रव्याला हे उकडणं नसतं, एवढाच फरक. लाल मसुराचं सूप तर जवळपास प्रत्येक तुर्की हॉटेलात असतं, वर पुदिना आणि तिखटाची फोडणी. इथे एक सावधगिरी: सूप किंवा पुलाव कधीकधी हाडांच्या पाण्यात शिजवतात. 'एत्सिझ' म्हणजे बिनमांसाचं, हा शब्द वापरून सरळ विचारावं. चीज कशाने विरजलं तेही विचारावं, कारण कधीकधी ते विरजण जनावराच्या पोटातून काढलेलं असतं.

तुर्की माणसांनी आपल्याकडे तोफाही आणल्या. 'तोफ' हा शब्दच तुर्की 'तोप'वरून आला, आणि विजापूरची मुलूखमैदान 1549 मध्ये अहमदनगरला ओतली ती महंमद बिन हसन रूमी याने; रूमी म्हणजे तुर्कस्तानकडचा. पण जेवणाचे शब्द बहुतेक फारसीच्या पुलावरून दोन्हीकडे गेले. बेयाझ पेयनिर म्हणजे पांढरं पनीर. सुरुवातीच्या छोट्या थाळ्यांना मेझे म्हणतात. फारसीत त्याचा अर्थ चव, आणि आपली 'मजा' त्याच शब्दाची. बिलाला हेसाप म्हणतात, म्हणजे हिशेब.

हेसाप मागवल्यावर आईने मालकाला विचारलं, की आषाढीनंतर कांदा-लसूण न घालता ती ऑलिव्हच्या तेलातली फरसबी करून मिळेल का. तो आत गेला, आचाऱ्याशी बोलला आणि बाहेर येऊन म्हणाला, "मिळेल काकू, पण आदल्या दिवशी फोन करा. मुरायला वेळ लागतो."